उस्तादांचं लेबल

डॉक्टरांनी उस्तादांना बजावलं होतं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत घरात गुमान पडून राहायचं. उस्तादांनी मान डोलावली. मान डोलवायला कुणाचं काय जातं! दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीचा हात धरून दुकानात हजर झाले आणि काउंटरमागच्या खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले, "ऑपरेशन डोळ्याचं झालंय, कानांचं नाही. बारके, शटर पूर्ण वर कर. अर्ध्यावर अडकलंय, आवाजावरून कळतंय मला."

शटर खरंच अर्ध्यावर अडकलं होतं.

जन्मभर दुसऱ्यांचे पडदे उजळत बसलेल्या माणसाच्या स्वतःच्याच डोळ्यात पडदा यावा, हा दैवाचा विनोद उस्तादांना मुळीच आवडला नव्हता. त्यात पट्टी बांधली होती ती चांगल्या डोळ्यावर. दुसरा डोळा लहानपणापासून नावालाच होता. उजेड आहे की अंधार, एवढंच तो सांगायचा, तेही विचारलं तर. म्हणजे आठवडाभर उस्तादांचं सगळं जग आवाजांचं आणि हाताला लागेल तेवढं.

'उस्ताद' ही पदवी त्यांना कुणी दिली, हे बाजारात कुणालाच आठवत नव्हतं. शेजारच्या शिंप्याचं मत असं, की ती त्यांनी स्वतःच घेतली आणि लोकांना परत मागायचा धीर झाला नाही. पण पदवी शोभत होती, हे शिंपीही मान्य करायचा. जुने कॉम्प्युटर, म्हणजे ज्यांच्याकडे बघून बाकीचे दुकानदार हात झटकतात ते, उस्तादांच्या दुकानातून चालत बाहेर पडायचे. आणि फॉरमॅट न मारता. बाजारातल्या इतर दुकानांत कॉम्प्युटर नुसता शिंकला तरी आधी सगळी डिस्क पुसून टाकायची पद्धत होती. उस्ताद म्हणायचे, "घरात ढेकूण झाले म्हणून घर पाडतात का रे? ढेकूण शोधा की."

ढेकूण शोधायची त्यांची एक रीत होती. दुकानात येणारा प्रत्येक सुटा भाग, मग तो भंगारातला का असेना, ते स्वतः तपासायचे, स्वतः पुसायचे आणि त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचं लेबल लावायचे. लेबलावर आतल्या चिपचं नाव, वळणदार अक्षरात. त्याच नावाचा कप्पा मागच्या भिंतीवरच्या खणांत, आणि त्या कप्प्यात त्या चिपचा ड्रायव्हर, सीडीवर नाहीतर फ्लॉपीवर. गिऱ्हाइकांना ते समजावून सांगायचे, की कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा हात, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या हाताला कळणारी बोली. बोली दुसऱ्याची वापरलीत तर हात जागचा हलत नाही. म्हणून लेबल म्हणजे लेबल. ते खरवडायचं नाही, त्यावर दुसरं चिकटवायचं नाही. दुकानातली ती काळ्या दगडावरची रेघ होती.

बारकी ही त्यांची धाकटी. घरातलं शेंडेफळ म्हणून बारकी. तिशीला आली, बापापेक्षा वीतभर उंच झाली, तरी बारकीच. शाळा सुटली की दप्तर टाकून दुकानात यायची ती आता सकाळपासूनच यायची. हातात कला होती, हे उस्ताद शिंप्याजवळ कबूल करायचे, पण तिच्यासमोर चुकूनही नाही. "पोरीला वर चढवलं की पोरगी खाली बघत नाही," असं त्यांचं म्हणणं. खरं म्हणजे दुकानात वर चढलेली जागा एकच होती आणि तिथे ते स्वतः बसले होते.

त्या सकाळी शटर उघडून चहा होतोय न होतोय तोच दारात गाडी थांबली. गाडीच्या मागच्या सीटवरून, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उचलून एक बाई धापा टाकत आत आल्या. गावाबाहेर कानानं ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा होती, तिथे त्या मुलांना बोलायला शिकवायच्या. उस्तादांकडे त्या पहिल्यांदाच येत होत्या.

"अगं बाई," पट्टी बघून त्या दारातच थांबल्या. "तुमच्या डोळ्याला..."

"डोळ्याचं राहू द्या. मशीनला काय झालंय?"

बाईंनी चादर सोडली. आत जुनाट, पिवळट पडलेला कॉम्प्युटर होता. त्यांनी सांगितलं ते असं. या मशीनमध्ये एक प्रोग्राम होता. पडद्यावर एक फुगा असायचा. मूल मायक्रोफोनमध्ये बोललं की फुगा वर चढायचा. आवाज थांबला की खाली यायचा. आवाज बारीक झाला, जाड झाला, की फुग्याचा रंग बदलायचा. मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पण दिसायचा. फुगा बघत बघत ती आवाज धरायला शिकायची, उंच करायला शिकायची. मायक्रोफोनचं कार्ड एका इंजिनिअरनं हातानं बनवलं होतं. ते जुन्या, लांब खाचेतच बसायचं आणि नव्या कॉम्प्युटरला तशी खाचच नव्हती. इंजिनिअर आता हयात नव्हते. प्रोग्रामही त्या गेल्या शतकातल्या सिस्टिमवरच चालायचा.

"काल अचानक पडदा काळा झाला," बाई म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी शाळेत भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. बंद पडलेलं सगळं सामान जाणार आहे. मी ऑफिसात भांडले. ते म्हणाले, उद्या सकाळी चालू दिसलं तर राहील. नाहीतर बाई, आम्ही त्याला सांभाळू शकत नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आमच्या लेकरांना आपला आवाज दुसरीकडे कुठेच दिसत नाही हो."

उस्ताद खुर्चीत सरळ झाले. असं काही ऐकलं की त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ यायचं. "बारके, लाव वायर. बाई, तुम्ही बसा. संध्याकाळी मशीन घेऊनच जायचं."

बारकीनं बटण दाबलं. आतला पंखा घरघरला आणि मशीननं शिट्टी दिली. एक लांब, दोन आखूड.

"डिस्प्ले कार्ड गेलं!" उस्ताद टाळी वाजवून म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? झाकण काढ. कार्डावरचे छोटे डबे फुगले असतील बघ."

बारकीनं झाकण काढलं. "फुगलेत. एक तर फुटलाय."

बाईंच्या तोंडून आश्चर्याचा उद्गार निघाला, आणि उस्तादांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी खुर्चीतूनच कुठल्या फळीवर, कितव्या खोक्यात, कुठल्या लेबलाचं कार्ड बसेल ते सांगितलं. बारकीनं ते आणून खाचेत बसवलं. पडदा लागला. इथवर सगळं उस्तादांच्या मनासारखं झालं.

"काय दिसतंय?"

"सोळा रंग. अक्षरं एवढाली मोठी. फुग्याचा प्रोग्राम उघडून बघितला, तो म्हणतोय दोनशे छप्पन्न रंग पाहिजेत, आणि बंद होतोय."

"म्हणणारच. ड्रायव्हर घातला नाही ना अजून. कप्प्यातली सीडी घे, घाल, आणि रिस्टार्ट कर. मग कान देऊन ऐक. जुन्या मॉनिटरमधून खट् असा आवाज आला की समज, रंग आले."

तो खट् आवाज म्हणजे उस्तादांचं आवडतं संगीत. पडद्याची चाल बदलताना मॉनिटरच्या पोटातली कळ फिरते त्याचा तो आवाज. बारकीनं सीडी घातली, मशीनला कार्डाचं नाव सांगितलं, रिस्टार्ट केलं. डिस्क किरकिरली. उस्ताद मान तिरकी करून ऐकत राहिले. खट् झालं नाही.

"काळा पडदा," बारकी म्हणाली. "अडकलंय."

"जुन्या कार्डाचे अवशेष असतील आत. सेफ मोडमध्ये जा, म्हणजे ड्रायव्हरशिवाय सुरू होईल, जुनं सगळं नाव काढून टाक, पुन्हा घाल."

बारकीनं सेफ मोडमध्ये जाऊन जुन्या कार्डाचं नावगाव पुसून काढलं आणि ड्रायव्हर पुन्हा घातला. काळा पडदा.

"मग मदरबोर्डचा ड्रायव्हर आधी घालायला हवा. कार्डाच्या खाचेलाही तिची बोली लागते. तो घाल, मग हा."

तोही घातला. काळा पडदा. उस्तादांनी मॉनिटरवर संशय घेतला. बारकीनं फळीवरचा दुसरा मॉनिटर, चांगला जड डबा, एकटीनं उचलून आणून जोडला. तोही काळा. मग उस्तादांनी विजेवर संशय घेतला, वायरवर घेतला, सीडीवर घेतला, आणि शेवटी सगळं संपल्यावर लेकीवर घेतला.

"तू नीट वाचत नसशील. लेबलावर काय लिहिलंय, परत वाच."

बारकीनं वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं.

"मग यादीत तेच नाव निवडलंस का?"

"तेच निवडलं, बाबा. प्रत्येक वेळी तेच निवडलं."

"मग चालायला पाहिजे!"

"पाहिजे," बारकी म्हणाली. "पण चालत नाही."

दुपारी शिंपी डबा घेऊन आला. रोज दोघे एकत्र जेवायचे. दुकानातली हवा बघून त्यानं डबा हळूच उघडला. बाई एका कोपऱ्यात स्टुलावर बसून होत्या आणि रस्त्याकडे बघत होत्या, जणू टेम्पो आजच येणार होता.

"काय उस्ताद, कुठं घोडं पेंड खातंय?"

"पोरगी घाई करते, दुसरं काय!"

शिंप्यानं बारकीकडे बघितलं. ती मूग गिळून आपली पोळी खात होती. शिंपी म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं असं तर नाही ना रे? आता तुला दिसत नाही, नाचता येत नाही, म्हणून म्हटलं."

"तू बटणं शिव जा!" उस्ताद भडकले. शिंपी हसत हसत डबा बंद करून गेला.

जेवणानंतर बारकी म्हणाली, "बाबा, एक सांगू का? लेबल काढून खालची चिप बघते. चिपवर छापलेलं नाव असतं. लेबल नेमकं त्याच्यावर चिकटवलंय."

उस्तादांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली.

"ते लेबल कुणी लावलंय?" उस्तादांनी विचारलं.

"तुम्ही."

"अक्षर कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग?"

उस्तादांच्या दृष्टीनं प्रश्न तिथेच मिटला होता. सगळं जग चुकू शकतं, कारखाने चुकतात, सरकारं चुकतात, डॉक्टरनं चांगला डोळा सोडून नसत्या डोळ्याला पट्टी बांधली असती तर तेही त्यांना पटलं असतं. पण आपलं अक्षर चुकत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून जळलाही नव्हता.

"माझ्या लक्षात आलंय," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मायक्रोफोनचं कार्ड आणि हे कार्ड एकाच वाटेवर भांडतायत. दोघांना एकच नंबर मिळालाय. मायक्रोफोनचं कार्ड उपट आणि शेजारच्या खाचेत बसव."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "ते नका ना काढू," त्या म्हणाल्या. "बसवल्यापासून ते कुणी हलवलेलं नाही. तसलं दुसरं कुठेच नाही."

"बाई, घाबरू नका. बारके, काढ."

बारकीनं टॉर्च लावून वाकून बघितलं. "बाबा, कार्डाच्या कडेला तडा आहे. केसाएवढा, पण खाचेपर्यंत गेलाय. ओढलं तर तुटेल."

"हळू ओढ."

"हळू ओढलं तरी तुटेल."

"मी ओढलं असतं तर तुटलं नसतं! बारके, मी सांगतो ते ऐक. दोन वाटा वेगळ्या केल्याशिवाय ड्रायव्हर लागायचा नाही. काढ म्हणतोय ना!"

उस्ताद वाट बघत होते. कार्ड निघताना स्क्रूचा आवाज येतो, मग पत्र्याचा, मग खाचेतून सुटतानाचा करकर आवाज. त्यांचे कान त्या क्रमाची वाट बघत होते. स्क्रू फिरला, पण दुसऱ्या बाजूचा. पत्रा वाजला, तोही दुसरीकडे. त्यांनी मान वळवली. मग त्यांना जो आवाज आला तो त्यांनी तीस वर्षांत स्वतःच्या दुकानात ऐकला नव्हता. नखानं कागद खरवडल्याचा आवाज.

पोरगी लेबल काढत होती.

उस्तादांच्या डोक्यात तिडीक गेली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते अर्धे उठले. ओरडायला तोंडही उघडलं. पण तो आवाज घाईचा नव्हता. ती एका कोपऱ्यापासून, थोडं थोडं, चिप ओरखडू नये म्हणून नखाच्या कडेनं कागद सोडवत होती. मध्ये थांबून फुंकर मारत होती. असं काम त्यांनीच तिला शिकवलं होतं, ती एवढीशी होती तेव्हा, हातात हात धरून. ओरडले असते तर तिचा हात हलला असता. उस्ताद तसेच अर्धवट उभे राहिले, आणि मग हळूच खाली बसले.

"दिसतंय," बारकी म्हणाली, आणि तिनं चिपवरचं नाव वाचलं. त्यातला एक एक आकडा सुटा करून वाचला.

ते नाव लेबलावरचं नव्हतं.

आता उस्तादांना सगळं लख्ख आठवत होतं. एकाच खोक्यातून आलेली दोन कार्डं. सारखाच हिरवा रंग, सारखीच लांबी, खोक्यावर एकच नाव. कारखानदारानं मधेच चिप बदलली होती आणि खोकं तेच ठेवलं होतं. त्यांनी पहिल्या कार्डाची चिप वाचली, लेबल लिहिलं, आणि दुसऱ्याला न वाचता तेच लेबल लावलं. दुकानात गर्दी होती, हेही आठवलं. पण गर्दीचं कारण द्यायची त्यांना लाज वाटली. गर्दी तर काय, रोजच असायची.

"त्या चिपचा कप्पा खालच्या ओळीत आहे," ते म्हणाले. "डावीकडून शेवटचा. त्यात फ्लॉपी आहे."

बारकीनं कार्ड पुन्हा बसवलं, कप्पा उघडला, फ्लॉपी घातली. फ्लॉपी गुरगुरली. बाई श्वास रोखून उभ्या होत्या, ते उस्तादांना त्यांच्या श्वासाच्या नसण्यावरून कळत होतं. मशीन बंद झालं, पुन्हा सुरू झालं. डिस्क किरकिरली.

खट्.

आणि लगेच बारकीचा निराश आवाज. "काळा पडदा, बाबा. परत काळाच."

"थांब!" उस्ताद ताडकन म्हणाले. "आता आधीसारखा काळा नाही तो. खट् झालं, मी ऐकलं. मॉनिटरचा दिवा बघ. लुकलुकतोय का?"

"हो. लुकलुकतोय."

"मग ड्रायव्हर बरोबर आहे! कार्ड चित्र पाठवतंय, पण फार वेगानं पाठवतंय. म्हाताऱ्या मॉनिटरला तो वेग झेपत नाही, म्हणून तो डोळे मिटून बसलाय. या चिपला ती खोडच आहे. सेफ मोडमध्ये जा आणि वेग सेकंदाला साठ चित्रांवर आण. साठच्या वर एक पैसाही नको."

बारकीनं वेग उतरवला. मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी खट् झाल्यावर कुणीच काही बोललं नाही, आणि उस्तादांना ते सहन होईना.

"अगं, बोल की! काय दिसतंय?"

"रंग," बारकी म्हणाली. "सगळे रंग. दोनशे छप्पन्नच्या दोनशे छप्पन्न."

बाईंनी पुढे होऊन स्वतःच प्रोग्राम उघडला. या वेळी तो कुरकुर न करता उघडला. त्यांनी मायक्रोफोन तोंडाशी धरला आणि वर्गात शिकवतात तसा लांब 'आ' लावला. उस्तादांना तो 'आ' ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग बाईंचं हसू. हसता हसता त्या डोळे पुसत असाव्यात, कारण नाक ओढल्याचा आवाज आला.

"चढला," त्या म्हणाल्या. "चढला हो फुगा! उस्ताद, काय म्हणू तुम्हाला? माणसं डोळे उघडे ठेवून जे करत नाहीत ते तुम्ही पट्टी बांधून केलंत. उगाच नाही लोक तुम्हाला उस्ताद म्हणत."

आता खरं सांगायचं तर स्तुतीच्या बाबतीत उस्ताद कधी मागे हटणारे नव्हते. दुसऱ्याच्या दुकानात दुरुस्त झालेल्या मशीनचीही कुणी चुकून तारीफ केली तरी ते ती ठेवून घ्यायचे. बारकीला हे ठाऊक होतं. ती मुकाट्यानं झाकण बसवायला लागली होती. पहिल्या स्क्रूला पेचकस लागल्याचा आवाज उस्तादांना आला. त्या आवाजात रुसवा नव्हता, तक्रार नव्हती. झालेलं काम नीट बंद करण्याचा तो आवाज होता, आणि तो ऐकून उस्तादांच्या छातीत काहीतरी भरून आलं. डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं नाही, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एकदा पुरुषाच्या आवाजावर तपासायला हवं. आमच्याकडे मुलगेही आहेत. तुम्ही काहीतरी बोला ना यात." आणि त्यांनी मायक्रोफोन उस्तादांच्या हातात दिला.

"काय बोलू?"

"काहीही. फक्त आवाज लावून बोला."

दारात चपला वाजल्या. दुकानातला गलका ऐकून शिंपी गळ्यात टेप घालूनच आला होता. "काय रे, काय झालं? पडदा लागला वाटतं?"

उस्तादांनी मायक्रोफोन तोंडाजवळ धरला, आणि बाईंशी, शिंप्याशी, सगळ्या बाजाराशी एकदमच बोलावं तसे ते बोलायला लागले.

"अरे, लेबल माझं चुकलं होतं! माझं! सकाळपासून मी हिला चुकीचं सांगत होतो. हे घाल, ते काढ, मॉनिटर बदल. तिनं सगळं केलं. मग म्हटलं, हे कार्ड उपट, तर हिनं नाही उपटलं. मी ओरडलो तरी नाही उपटलं. माझं लेबल खरवडून काढलं पोरीनं, माझ्यादेखत. नाही, देखत कसलं, माझ्या कानांदेखत! माझं ऐकलं असतं ना, तर बाई, तुमचं मशीन उद्या टेम्पोत असतं. नाही ऐकलं तिनं माझं! ऐकतोस ना तू? बारकीनं माझं ऐकलं नाही!"

मुलगी पहिली आली, असं एखाद्या बापानं पेढे वाटत सांगावं, तशा आवाजात ते हे सांगत होते. शिंपी आ वासून कधी त्यांच्याकडे, कधी पडद्याकडे बघत होता. बारकीच्या हातातला पेचकस थांबला होता. तीही पडद्याकडेच बघत होती, आणि तिला हसू आणि रडू एकदम येत होतं. उस्तादांना यातलं काहीच दिसत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "पुरे आता. फुगा पार वर जाऊन टेकलाय."

"टेकू दे," उस्ताद म्हणाले, आणि शिंप्याकडे तोंड करून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.